बिळातले ऋतू

नांदेडहून अर्धापूर ओलांडून येणारा रस्ता वारंगा फाट्यावर दुभंगतो. एक वाट आखाडा बाळापूर, कळमनुरी, हिंगोली करत वाशीम-अकोल्याला जाते. दुसरी हदगाव, उमरखेड, यवतमाळवरून नागपूर गाठते. फाट्यावर रात्रंदिवस ट्रक, एसटी आणि हॉटेलांची वर्दळ असते. त्या हॉटेलांच्या मागच्या भिंतीपासूनच काळी जमीन सुरू होते. सोयाबीन, तूर, कापूस, हळद, पाणी असेल तिथे ऊस. आश्विनात सोयाबीन निघाले की शिवार एकदम उघडे पडते, आणि बांधाच्या कडेने ताज्या उकरलेल्या मातीचे ढिगारे दिसू लागतात. त्या ढिगाऱ्यांखाली जे जग आहे, त्यात उंदरापेक्षाही जास्त संख्येने राहणारे जीव आहेत. पिसवा, गोचिडी, उवा आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारे तांबडे माइट. हा लेख त्यांच्याविषयी आहे. माणसाच्या इतिहासात या जिवांनी जेवढी उलथापालथ केली तेवढी फार थोड्या शत्रूंनी केली असेल, आणि तरीही आपण त्यांच्याकडे ताप आल्यावरच पाहतो.

आधी घरमालक कोण, ते पाहू. मराठवाड्याच्या शेतात बिळे करणाऱ्यांत सर्वांत धडाक्याची ती शेतातली लहान घूस. बिळात धान्याची कोठारे करते, पाण्याला घाबरत नाही, ओलिताच्या पिकात तिचे फावते. दुसरा मागच्या पायांवर उड्या मारत जाणारा, शेपटीच्या टोकाला केसांचा झुबका असलेला उंदीर. शास्त्रज्ञ त्याला टाटेरा इंडिका म्हणतात. त्याला कोरडी, निचऱ्याची जमीन आवडते. तिसरा मऊ केसांचा लहानखुरा मिलार्डिया, जो काळ्या जमिनीच्या उन्हाळी भेगांतच संसार थाटतो. शिवाय अंगठ्याएवढा शेतउंदीर, ससा, खार, मुंगूस आणि चिचुंद्री. चिचुंद्री हा उंदीर नव्हे. ती किडे खाणारी, लांब नाकाची, वेगळ्याच कुळातली आहे. पण आपल्या विषयात तिचे स्थान मोठे आहे. संध्याकाळी ती गोठ्याच्या कडेने फिरते, रात्री घरात शिरते आणि पुन्हा बांधावर जाते. शेतातल्या पिसवेला घरापर्यंत आणि घरातल्या पिसवेला शेतापर्यंत नेणारी ती वाहतूकदार आहे.

या प्राण्यांची पहिली नीट यादी मराठी मुलखाच्या दक्षिण टोकाला झाली. वॉल्टर इलियट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली ‘दक्षिण मराठा प्रदेशा’तील सस्तन प्राण्यांची सूची प्रसिद्ध केली. ती करताना त्याने वडार लोकांची माहिती मोकळेपणाने घेतली. कोणत्या बिळात कोण राहतो, कुणाच्या कोठारात किती धान्य सापडते, हे वडारांना ठाऊक होते, कारण ती बिळे खणणे हा त्यांच्या पोटाचा भाग होता. आपल्याकडच्या प्राणिशास्त्राची एक मुळी अशी उपेक्षितांच्या ज्ञानातून आली आहे, हे विसरू नये.

आता भाडेकरू. या चार प्रकारच्या जिवांना एकाच नजरेने पाहिले की सगळा गोंधळ होतो, कारण प्रत्येकाचे ऋतूशी असलेले नाते वेगळे आहे. उवेचे सर्वांत साधे. ती जन्मते, वाढते, अंडी घालते आणि मरते ते सगळे एकाच प्राण्याच्या अंगावर. तिची लीख केसाला चिकटलेली असते आणि आईच्या कुशीत शिरलेल्या पिलाला ती वारशाने मिळते. बाहेर उन्हाळा असो की पाऊस, उवेभोवतीची हवा उंदराच्या कातडीच्या उबेचीच असते. म्हणून तिच्यावर ऋतूचा परिणाम होतो तो उंदराच्या विणीतून. पिले जास्त, गर्दी जास्त, तर उवाही जास्त.

पिसू याच्या अगदी उलट. ती उंदराच्या अंगावर फक्त जेवायला येते असे म्हटले तरी चालेल. तिची अंडी गुळगुळीत असतात, ती केसांतून घरंगळून बिळात पडतात. त्यातून निघालेली बिनपायांची अळी बिळातल्या केरकचऱ्यावर आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेतल्या वाळलेल्या रक्तावर वाढते. मग ती रेशमी कोष विणते. त्याला धूळमाती चिकटते आणि तो दिसेनासा होतो. कोषातली पिसू तयार होऊनही लगेच बाहेर येत नाही. जवळून कुणी चालल्याचा हादरा, श्वासातला वायू, अंगाची ऊब यांची चाहूल लागली की बाहेर पडते. सगळे जुळून आले तर दोन-तीन आठवड्यांत अंड्यापासून पिसू तयार. नाही तर कोष महिनोन्‌महिने पडून राहतो. या साखळीतला सर्वांत नाजूक दुवा अळी. तिला ओल लागते. हवा कोरडी पडली की ती सुकून मरते.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा जमिनीच्या पृष्ठभागावर पिसवेची अळी जगण्याचा प्रश्नच नाही. पण हातभर खोलीवर बिळात वेगळा ऋतू असतो. वर लाह्या फुटत असताना खाली गारवा असतो, आणि उंदराच्या श्वासाने, मुत्राने, साठवलेल्या दाण्याने तिथली हवा दमट राहते. खोल बिळाचा टाटेरा किंवा घूस त्यामुळे उन्हाळाभर पिसवांचे बियाणे सांभाळून ठेवते. पिसवांची संख्या घटते, पण तुटत नाही.

मृगाचा पाऊस पडला की भेगा मिटतात, सखल भागातली बिळे पाण्याने भरतात आणि उंदीर उंचावर, म्हणजे बांधावर, रस्त्याच्या भरावावर, आखाड्याच्या ओट्याखाली येतात. थोड्या जागेत खूप बिळे होतात. पिकाची वाढ होत जाते तसा आडोसा मिळतो, दाणा भरला की विणीला जोर येतो. सुगीच्या सुमारास शिवारात नव्या, कोवळ्या उंदरांची गर्दी असते. जमीन अजून ओली असते आणि उष्मा उतरलेला असतो. पिसवेला, माइटला, गोचिडीच्या पिलांना याहून चांगला काळ मिळत नाही. नेमका याच वेळी माणूस विळा घेऊन वाकलेला असतो, गंजीवर झोपत असतो, कडब्याच्या पेंढ्या उराशी धरून वाहत असतो. कापणी झाली की आडोसा संपतो आणि उंदीर बांधाकडे, गंजीकडे, शेवटी गोठ्याकडे आणि घराकडे सरकतात. त्यांच्याबरोबर त्यांचे भाडेकरूही येतात.

हे ऋतुचक्र किती महत्त्वाचे आहे हे जगाला ज्या ठिकाणी कळले ते महाराष्ट्रातच आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढच्या चार दशकांत देशात एक कोटीच्या वर माणसे या रोगाने गेली. पुण्यात १८९७ साली रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा १० मार्चला मृत्यू झाला. खेडोपाडी माणसांना एक गोष्ट फार लवकर उमगली होती. घरात ‘उंदीर पडला’ की गाव सोडायचे. शेतात खोपी घालून राहायचे आणि साथ सरली की परतायचे. शहाण्या डॉक्टरांचा मात्र तेव्हा हवा, जमीन, धान्य, घाण यांवरच संशय होता. फ्रान्सच्या पाश्चर संस्थेचे पॉल-लुई सिमॉन यांनी रोग्यांच्या अंगावरचे पिसवेच्या चाव्याचे बारीक फोड पाहिले आणि जून १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवले की मेलेल्या उंदरावरची पिसूच रोग नेते. त्यांच्यावर फारसा कुणाचा विश्वास बसला नाही.

तो बसला परळमध्ये. तिथल्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा होती. आज तिलाच आपण हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो. १९०५ मध्ये रॉयल सोसायटी, लिस्टर इन्स्टिट्यूट आणि इंडिया ऑफिस यांच्या वतीने नेमलेल्या मंडळाने तिथे काम सुरू केले. लॅम, लिस्टन, पेट्री, रोलंड यांच्या बरोबरीने केशव पै, मानकर, आवारी अशा देशी डॉक्टरांची नावेही त्या अहवालांत आहेत. त्यांनी मुद्दाम लहान खोल्या बांधल्या. त्यांत रोगी उंदीर, निरोगी उंदीर आणि गिनीपिग ठेवले. पिसवा होत्या तिथे रोग पसरला. नव्हत्या तिथे रोगी आणि निरोगी प्राणी शेजारी राहूनही पसरला नाही. मग त्यांनी पिंजरे वर टांगले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातला गिनीपिग रोगाला बळी पडला, दोन फुटांवरचा वाचला. पिसवेची उडी चारेक इंचांची, एवढेच त्यामागचे कारण. पिंजऱ्याभोवती पिसवेच्या उडीपेक्षा रुंद असा चिकट कागदाचा पट्टा अंथरला, तरी आतले जनावर सुरक्षित राहिले. विज्ञानाच्या इतिहासात इतक्या साध्या साधनांनी इतका मोठा प्रश्न सुटल्याची उदाहरणे थोडी आहेत.

माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण त्यापुढच्या कंटाळवाण्या कामात आहे. मुंबईतून गोळा केलेले लाखावर उंदीर त्यांनी तपासले. प्रत्येक उंदरावर किती पिसवा, कोणत्या जातीच्या, कोणत्या महिन्यात, याचे तक्ते केले. त्यातून दिसले की आधी गटारातल्या मोठ्या उंदरांत मरतूक येते, काही दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांत, आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी माणसांत. पिसवांची संख्या वाढते तो हंगाम आणि साथीचा हंगाम एकच. मुंबईत तो हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत होता. पुणे-बेळगावकडे पाऊस ओसरू लागला की साथ डोके वर काढी.

कडक उन्हात साथ का थांबते याचा खुलासा १९१४ मध्ये बॅकॉट आणि मार्टिन यांनी केला. रोगजंतू पिसवेच्या घशाशी गोळा होऊन वाट अडवतात. उपाशी पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि रक्ताबरोबर जंतू परत जखमेत ओकते. उष्मा फार वाढला की ही अडवणूक टिकत नाही आणि पिसवाही फार काळ जगत नाहीत. अडथळा तयार होण्याआधीही काही पिसवा रोग पोहोचवू शकतात, असे २००६ नंतरच्या अमेरिकेतल्या प्रयोगांनी दाखवले आहे. तरी तापमान, ओल आणि पिसू यांचे मूळ नाते कायम आहे.

पिसवांमध्येही जाती आहेत आणि तो तपशील किरकोळ नाही. झेनोप्सायला किओपिस ही प्लेगची मुख्य वाहक. तिची जवळची नातेवाईक झेनोप्सायला ॲस्टिया त्या कामात बरीच कमी पडते. मद्रास शहर मोठ्या साथीतून का बचावले, या कोड्याचे उत्तर कोलंबोत काम करणाऱ्या फॅबियन हर्स्ट यांनी दिले: तिथल्या उंदरांवर ॲस्टियाचे प्राबल्य होते. आणि ही ॲस्टिया मुळात टाटेराच्या बिळाची रहिवासी आहे. म्हणजे शेतातल्या उंदरावर कोणती पिसू आणि घरातल्या उंदरावर कोणती, त्या दोघांची गाठ कुठे पडते, यावर एका गावाचे नशीब ठरू शकते.

मराठवाड्याने हे १९९४ मध्ये अनुभवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली. घरे पडली, लोक पत्र्याच्या शेडमध्ये गेले, पडक्या घरांत धान्य तसेच राहिले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावातून पिसवा अतोनात वाढल्याची तक्रार आली. उंदीर पडल्याचेही दिसले. सप्टेंबरमध्ये माणसांच्या जांघेत, काखेत गाठी आल्या. त्याआधी देशात माणसाला प्लेग झाल्याची पक्की नोंद १९६६ ची, कर्नाटकातली होती. म्हणजे डॉक्टरांच्या जवळजवळ एका पिढीने हा रोग पुस्तकातच पाहिला होता. महिनाअखेर सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि लाखो माणसे शहर सोडून पळाली. हा प्लेगच होता की नाही यावर पुढे बराच वाद झाला. प्रा. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने जंतूंच्या डीएनए तपासणीतून प्लेगला दुजोरा दिला.

भूकंप आणि प्लेग यांची सांगड अनेकांनी घातली. ती निव्वळ कल्पना नाही, पण मला ती अपुरी वाटते. किल्लारी लातूर जिल्ह्यात, मामला बीड जिल्ह्यातल्या डोंगराळ भागात. भूकंपाने उंदरांना धान्य दिले असेल, पण ऑगस्ट-सप्टेंबर हे महिने दिले ते पावसाने. परळच्या तक्त्यांत दख्खनचा जो हंगाम दिसला होता, त्याच हंगामात मामल्याला गाठी उठल्या. आणि त्यातली सर्वांत बोलकी गोष्ट अशी की पिसवांची तक्रार तापाच्या काही आठवडे आधी आली होती. गावाने धोका ओळखला होता. पिसू मोजणारे कुणी जवळ असते, तर तेवढे आठवडे हातात मिळाले असते.

पिसू मोजणे अवघड नाही. संध्याकाळी बांधावर, गंजीपाशी, घराच्या वळचणीला सापळे लावायचे, आत भजे किंवा शेंगदाणा. सकाळी पकडलेला प्राणी बेशुद्ध करून पांढऱ्या ट्रेवर धरायचा आणि बारीक दातांच्या फणीने केस विंचरायचे. पडलेल्या पिसवा, उवा, माइट मद्यार्काच्या कुपीत जातात; गोचीड कानाच्या पाळीवर, मानेवर चिकटलेली असते, ती चिमट्याने सरळ उपटून काढायची. एकूण पिसवांना प्राण्यांच्या संख्येने भागले की पिसू-निर्देशांक मिळतो. उंदरामागे किओपिसचा आकडा एकच्या वर गेला की सावध व्हावे, असा जुना दंडक आहे. महिन्यामागून महिना हे केले तरच आकड्याला अर्थ येतो. ऑक्टोबरातला एक आकडा एकटा काही सांगत नाही. एप्रिलचा आणि जुलैचा शेजारी असेल तरच तो बोलतो.

गोचिडीचा हिशेब आणखी लांब पल्ल्याचा. बहुतेक रानगोचिडींना आयुष्यात तीन वेळा रक्त लागते आणि तिन्ही वेळा वेगळे जनावर. सहा पायांची अळी उंदीर, चिचुंद्री, ससा यांच्यावर चढते. पोट भरले की खाली पडते, कात टाकते, आठ पायांचे पिल्लू होते, पुन्हा लहान जनावर शोधते. मोठी झाली की कुत्रा, गाय, बैल. पोळ्याला बैल धुताना त्याच्या कानामागे जी टपोरी गोचीड दिसते, तिच्यातल्या एखाद्या रानजातीचे बालपण बांधावरच्या उंदराच्या कानावर गेलेले असू शकते. आपण गोठ्यात औषध फवारतो. तिची नर्सरी मात्र बाहेर शाबूत राहते.

या क्षेत्रातही महाराष्ट्राचे काम जागतिक दर्जाचे आहे. पुण्यात १९५२ साली व्हायरस संशोधन केंद्र सुरू झाले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. तिथल्या व्ही. धांडा यांनी १९६६ मध्ये टाटेरा उंदरावरच्या एका गोचिडीची नवी जात जगासमोर मांडली आणि केंद्राचे संचालक टी. रामचंद्र राव यांच्या सन्मानार्थ तिला रिपिसेफॅलस रामचंद्राय हे नाव दिले. आपल्या शेतातल्या उंदराच्या अंगावरची गोचीड विज्ञानाला अगदी अलीकडे कळली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

याच केंद्राने १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडतापाचा विषाणू शोधला. मेलेली माकडे सर्वांना दिसली. पण पुढची कित्येक वर्षे पुण्याच्या संशोधकांनी चिचुंद्र्या, रानउंदीर आणि खारी पकडून त्यांच्या अंगावरच्या गोचिडी मोजल्या, तेव्हा रोगाचा खरा कारखाना सापडला. हिमॅफायसॅलिस स्पिनिजेरा या गोचिडीचे प्रौढ पावसाळ्यात दिसतात, अळ्या पावसाळ्यानंतर, आणि पिल्ले हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. माणसाला चावून आजार देतात ती मुख्यतः ही पिल्ले. म्हणून माकडताप डिसेंबर ते मे या काळात येतो, लोक पाला गोळा करायला, काजूच्या बागांत कामाला जातात तेव्हा. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ च्या जानेवारीत सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात दिसला. वारंग्याच्या शिवाराला ते घनदाट दमट जंगल नाही, त्यामुळे इथल्या माणसाने माकडतापाची धास्ती घेऊ नये. पण ऋतूप्रमाणे गोचिडीचे वय बदलते आणि वयाप्रमाणे धोका बदलतो, हा धडा इथेही लागू आहे.

तो लागू आहे याचा पुरावा वारंग्याहून निघणाऱ्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ नरेंद्र राठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांमधल्या पुरळाच्या तापाचा माग काढला. ताप, अंगावर आणि तळहात-तळपायांवर पुरळ, सूज. गोवर, डेंगी वाटावा असा आजार, पण मूळ रिकेट्सिया जंतूंत, आणि तो पोहोचतो गोचिडीच्या चाव्यातून. तो लवकर ओळखता यावा म्हणून त्यांनी लक्षणांना गुण देणारी पद्धत सुचवली; २०११ मध्ये ती ‘इंडियन पेडियाट्रिक्स’मध्ये छापून आली. महागड्या तपासण्या नसलेल्या तालुक्याच्या डॉक्टरला हातात धरता येईल असे हे काम आहे, आणि मला त्याचे फार मोल वाटते.

सर्वांत लहान भाडेकरू राहिला. लेप्टोट्रॉम्बिडियम डेलिएन्स हा तांबूस माइट. त्याची अळी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी. उंदराच्या कानात शेंदूर लावल्यासारखा नारिंगी ठिपक्यांचा पुंजका दिसतो, तो याच अळ्यांचा. तिला आयुष्यात एकदाच जनावराच्या अंगातला रस लागतो. पुढे ती मातीत राहून किड्यांची अंडी खाते. एकदाच चावणारा जीव रोग एका प्राण्याकडून घेऊन दुसऱ्याला कसा देणार? इथे निसर्गाने वेगळी सोय केली आहे. स्क्रब टायफस या तापाचा जंतू आईकडून अंड्यात जातो, म्हणजे अळी जन्मतःच तो घेऊन येते. उंदीर तिला अन्न पुरवतो आणि ओल तिला जगवते. पाऊस, त्यानंतरचे गवत, झुडपी बांध, उंदरांची गर्दी हे एकत्र आले की भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत तिचे राज्य असते. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विदर्भात स्क्रब टायफसच्या रुग्णांची लाट आली, मृत्यूही झाले. नागपूरची वर्तमानपत्रे त्या बातम्यांनी भरली होती.

या आजाराची एक खूण आहे. जिथे अळी चावते तिथे काळी खपली धरते, सिगारेटचा चटका बसावा तशी. ती दुखत नाही, खाजत नाही, आणि नेमकी काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, स्तनाखाली लपलेली असते. लुगडे नेसून दिवसभर निंदण-कापणी करणारी बाई ती डॉक्टरला आपणहून दाखवत नाही आणि घाईतला डॉक्टर विचारत नाही. मग तापाला कधी डेंगी म्हणतात, कधी टायफॉइड, आणि औषधे भलतीच चालू राहतात. डॉक्सीसायक्लिन हे स्वस्त, जुने औषध वेळेवर मिळाले तर रुग्ण दोन-तीन दिवसांत सुधारतो. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू यांना धक्का पोहोचतो. एका खपलीसाठी माणूस जावा, हे मला सहन होत नाही.

आता आजच्या शिवाराकडे. जुन्या कोरडवाहू मराठवाड्यात उन्हाळा हा मोठा खंड होता: पीक नाही, ओल नाही, आडोसा नाही. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या इसापूर धरणाने आणि हजारो विहिरी-बोअरनी हा खंड अनेक ठिकाणी भरून काढला. उसाच्या फडात बारा महिने सावली आणि दमट माती असते. हळदीचे पीक आठ-नऊ महिने जमिनीत उभे राहते आणि त्याला सतत पाणी लागते. शेतकऱ्याच्या घरात पैसा आला तो या पाण्याने, आणि ते पाणी असायलाच हवे. पण बिळातला उन्हाळाही त्याच पाण्याने सौम्य होतो असे माझे मत आहे. जो ऋतू पिसवा आणि माइट यांची छाटणी करत होता, तो बांधाच्या ओल्या कुशीत लांबत नाही, आखडतो. म्हणून शंभर वर्षांपूर्वीचे हंगामाचे तक्ते आजच्या कळमनुरी तालुक्याला जसेच्या तसे लावून चालणार नाहीत. ते नव्याने करावे लागतील.

एक सवय मात्र आजच बदलता येते. सुगी झाली की झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या बिळात टाकायच्या, ही रीत सर्वत्र आहे. पिकाच्या दृष्टीने ती बरोबरच आहे. पण उंदीर मेला आणि त्याचे अंग गार पडू लागले की पिसवा ते सोडून देतात आणि जवळच्या ऊबदार अंगाकडे निघतात. ते अंग मांजराचे असेल, चिचुंद्रीचे असेल, गंजीवर झोपलेल्या माणसाचेही असेल. एरवी याने फार बिघडत नाही. पण गावात कारण नसताना उंदीर पडू लागले असतील, पिसवा वाढल्या असतील, तर विष टाकणे म्हणजे आगीत हात घालणे आहे. त्या वेळी आधी बिळांच्या तोंडाशी आणि उंदरांच्या वाटांवर पिसवा मारणारी भुकटी, आणि पिसवा कमी झाल्यावर मग उंदीर, हाच क्रम जगभरच्या आरोग्य खात्यांनी मान्य केला आहे. मेलेला उंदीर हाताने, शेपटी धरून उचलायचा नाही. त्यावर भुकटी टाकून लांब चिमट्याने उचलायचा, जाळायचा किंवा खोल पुरायचा, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगायचे. गंजीशेजारी झोपायचे असेल तर जमिनीवर नको, बाज हवी. परळचा दोन फुटांवरचा पिंजरा आठवा.

कापणीला पूर्ण बाह्यांचा सदरा, विजार मोज्यात किंवा पायाशी बांधलेली, घरी आल्यावर अंघोळ आणि कपडे गरम पाण्यात, एवढ्यानेही माइट आणि गोचीड बरीच टळते. दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरला ‘मी शेतात कापणीला होतो’ किंवा ‘होते’ हे वाक्य आवर्जून सांगावे, आणि अंगावर कुठे काळी खपली आहे का ते घरच्यांकडून पाहून घ्यावे.

शेवटची मागणी संस्थांकडे आहे. परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, तिथे उंदीर ओळखणारी माणसे आहेत. परभणीतच पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथे गोचीड, पिसू, माइट यांचा अभ्यास शिकवला जातो. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुने आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये हिंगोली, वाशीम, बुलढाणा, जालना येथील नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. वारंगा फाट्यापासून यांतले प्रत्येक ठिकाण गाडीने त्याच दिवशी जाऊन येण्याजोगे आहे. या तिन्ही विद्याशाखांनी मिळून एक शिवार निवडावे, दर महिन्याला सापळे लावावेत, उंदीर-चिचुंद्री विंचरावी, त्याच गावातल्या तापाच्या रुग्णांचे रक्त तपासावे आणि दोन्ही तक्ते शेजारी मांडावेत. किमान दोन पावसाळे हे काम चालावे. खर्च सापळ्यांचा, फण्यांचा, कुप्यांचा आणि काही तरुण संशोधकांच्या पगाराचा. मुंबईने हे १९०५ मध्ये केले. हिंगोलीने येत्या मृगापासून सुरू करावे.